आमच्या गाडीचे ब्रेक

मोटार बाळगणाऱ्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. "किती पळते?" हा पहिला आणि "किती देते?" हा दुसरा. ती थांबते का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या आजवरच्या मोटारजीवनात हा तिसरा प्रश्न मला एकाच व्यक्तीने विचारला, आणि तोही पन्हाळ्याच्या उतारावर, गाडी चालू असताना. ती व्यक्ती म्हणजे आमची सौभाग्यवती. तिचे नेमके शब्द असे होते, "अहो, ही थांबतेय ना?"

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हते. ते शोधायला मला दोन महिने आणि नऊ हजार रुपये लागले. त्याचीच ही हकिगत.

आधी गाडीची ओळख करून देतो. आमची गाडी म्हणजे 1967 सालची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. ज्या काळी आपल्या रस्त्यांवर अँबॅसडर, फियाट आणि हेरल्ड अशा तीनच मोटारी ठळकपणे दिसत, त्या काळातली. इंग्लंडात ट्रायंफ हेरल्ड या नावाने ती 1959 साली निघाली. तिचा आराखडा मिकेलोटी नावाच्या इटालियन कलावंताचा. 1961 पासून ती मद्रासजवळच्या वंडलूरला तयार होऊ लागली. तिचे पुढचे अख्खे तोंडच बॉनेटसकट उघडते, आणि 25 फुटांच्या वर्तुळात ती गर्रकन वळते. आष्ट्याच्या बाजारपेठेतून गाडी वळवण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना या दुसऱ्या गुणाची थोरवी निराळी सांगायला नको.

पण आष्ट्यात तिला कोणी हेरल्ड म्हणत नाही. तिला म्हणतात 'सरांची स्पोर्ट्‌स'. याचे कारण तिला टप नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1982 साली सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा टप होता. दहाएक पावसाळ्यांत तो गंजून त्याची चाळण झाली. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर अण्णांनी एका रविवारी पाना घेतला आणि टप काढूनच ठेवला. हेरल्डचा टप बोल्टांनी बसवलेला असतो, हे त्यांनी हेरले होते. मग ताडपत्रीवाल्याकडून कॅनव्हासचे एक झाकण शिवून घेतले, आरसी पुस्तकात रीतसर नोंद करून घेतली, आणि अशा रीतीने निव्वळ काटकसरीतून आमच्या घरी स्पोर्ट्‌स कार जन्माला आली! अण्णा साखर कारखान्यात हिशेबनीस होते. खर्च वाढवून वस्तू शोभिवंत करणारे पुष्कळ असतात. खर्च टाळून शोभा आणणारा हा एकच गृहस्थ मी पाहिला.

तर आता पन्हाळ्याकडे वळू. 2024 च्या डिसेंबरातला रविवार होता. अण्णा पुढे माझ्या शेजारी, सौ. आणि आमची मुलगी मागे. तीन दरवाजा पाहिला, झुणका-भाकर खाल्ली, आणि ऊन उतरल्यावर निघालो. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे असेल, उताराला लागताच मला निसर्ग सुचू लागला. गाडी चौथ्या गिअरमध्ये सोडलेली, उजवा हात खिडकीवर आणि उजवा पाय ब्रेकवर अलगद टेकवलेला. वाघबिळाच्या अलीकडे कुठेतरी करपल्यासारखा वास आला. मला वाटले, शेतात कोणी पाचट पेटवले असावे. पुढच्या वळणावर एस. टी. दिसली म्हणून पाय दाबला. पेडल खाली गेले. नेहमीच्या जागी थांबले नाही. ओल्या कणकेच्या गोळ्यावर पाय द्यावा तसे खाली खाली जात राहिले. सौ.ने तो प्रश्न विचारला तो याच वेळी.

अण्णांचे वय 79. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. समोर एस. टी.वर नजर ठेवून, कारखान्यात आकडे वाचून दाखवत त्या आवाजात ते म्हणाले, "तिसरा टाक. आता दुसरा टाक. हँडब्रेक ओढ. एकदम नको. हळूहळू." इंजिन किंचाळले, गाडीने नाक खाली केले, आणि एस. टी.पासून दोन हातांवर आम्ही तिच्याच वेगाने रांगू लागलो. खालच्या सपाटीवर चहाच्या टपरीशी गाडी उभी राहिली, तेव्हा चौघांपैकी कोणीही बोलले नाही. अर्ध्या तासाने मी पेडल दाबून पाहिले. ते पुन्हा पूर्ववत घट्ट! जणू काही झालेच नव्हते. मला हायसे वाटले. ते तसे वाटायला नको होते, हे मला नंतर कळले.

घरी आल्यावर सौ.ने निकाल दिला. "गाडी विका असं मी म्हणत नाही. अण्णांचा जीव आहे तिच्यावर. पण माझ्या पोरीला मी त्या गाडीत बसू देणार नाही."

हा निकाल साधा नव्हता. मुलीला नोव्हेंबरात अठरा पूर्ण झाली होती. शिकाऊ परवाना हाती आला होता, आणि "तुला हेरल्डवर मी शिकवणार," हा अण्णांचा शब्द ती दहा वर्षांची असल्यापासून तिच्यापाशी जमा होता. आजोबांचा शब्द, आईची भीती आणि बापाची गाडी, असा हा तिढा होता.

मी उत्साहाने कामाला लागलो. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाचा उत्साह म्हणजे वाचन. आठ दिवसांत मी डिस्क ब्रेकवर व्याख्यान देण्याइतका तयार झालो. लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने 1902 सालीच त्याचे पेटंट घेतले होते. 1953 साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली ती या डिस्क ब्रेकांच्या जोरावर. इतर गाड्यांना वळणाच्या कितीतरी आधीपासून पाय दाबावा लागे. ही उशिरा दाबी आणि तरी वेळेवर मंदावे. ब्रेक चांगला म्हणून वेग जास्त, असा तो उलटा न्याय! आणि सर्वांत सुखाची बातमी म्हणजे 1962 साली हेरल्डच्याच सांगाड्यावर ट्रायंफ कंपनीने स्पिटफायर नावाची खरीखुरी स्पोर्ट्‌स कार काढली. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. म्हणजे आमच्या गाडीची सख्खी चुलत बहीणच. तिचे दागिने हिला का होऊ नयेत?

कोल्हापूरच्या एका जाणकाराने त्याचा हिशेब केला. इंग्लंडहून सामान, त्यावर जकात, नवा मास्टर सिलिंडर, मजुरी, सगळे मिळून सत्तर हजारांच्या पुढे. मी विनाअनुदानित तुकडीवरचा प्राध्यापक. आमच्या पगाराला जे ब्रेक आहेत, ते मात्र कोणत्याही उतारावर निकामी होत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आड येते. गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मर्जीने बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितले आहे. दागिन्यांचा बेत तिथेच बारगळला.

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आहेत. त्यांना मी स्टाफरूममध्ये ही कर्मकथा सांगितली. त्यांनी हजेरीपटाच्या मागे गणित मांडले. "गाडी आणि तुम्ही चौघे मिळून एक टन धरू. उतरलात समजा 300 मीटर. झाले साधारण 30 लाख ज्यूल. इंजिनाला तुम्ही काही काम दिलं नाहीत, तेव्हा हवेने खाल्ली ती सोडून बाकीची सगळी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरली. तेवढ्या उष्णतेत नऊ लिटर थंड पाणी उकळतं. घरी बंब आहे ना? त्यातलं बादलीभर पाणी तुम्ही त्या चार ड्रमांवर तापवलंत, प्राध्यापक!"

ब्रेक म्हणजे गाडी थांबवणारे यंत्र, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी बदलली. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारी आणि ती उष्णता वाऱ्यावर सोडणारी चूल. वेग दुप्पट केला की ही उष्णता चौपट होते. चूल बंद डब्यात असली, म्हणजे ड्रम असला, की ती निवायला वेळ लागतो. डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर निवते. एवढाच तिचा मोठेपणा! ड्रमचाही एक गुण आहे. फिरता ड्रम ब्रेकशूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पाय कमी दाबावा लागतो. तापला की मात्र तो प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, आणि लायनिंगही गुळगुळीत होते.

"पण पेडल कणकेसारखं का झालं?" मी विचारले.

"ब्रेक ऑईल उकळलं असणार. ते हवेतलं पाणी पितं. पाणी उकळून वाफ झाली की तुम्ही वाफ दाबत बसता. कधी बदललं होतं?"

मी गप्प राहिलो. शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नापुढे गप्प राहणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शेवटी गाडी आष्ट्यातल्याच मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री साठीचे आहेत. हेरल्ड त्यांनी पोरवयात उस्तादाच्या हाताखाली खोललेली. चारी चाके काढली. आत काळी भुकटी साठलेली. मी मदत म्हणून फुंकर घालायला वाकलो, तर त्यांनी हात धरून मागे ओढले. "फुकू नका सर! जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतोय. छातीत बसला की जन्माचं दुखणं." त्यांनी ओल्या फडक्याने ती भुकटी टिपून घेतली.

मग एकेक गोष्ट उघडकीला आली. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गंजून जाम झाला होता. पुढच्या उजव्या चाकाचे लायनिंग गळक्या तेलाने भिजलेले. चाकाकडे जाणारे रबरी नळे वरून ठाकठीक, पण आतून फुगून जवळजवळ बुजलेले. बॉनेटखालच्या पत्र्याच्या डबीतले ब्रेक ऑईल मिस्त्रींनी काचेच्या पेल्यात काढले. नवे असते मधाच्या रंगाचे. हे अडुळशाच्या काढ्यासारखे काळे.

"म्हणजे ब्रेक सुधारायला किती येईल?" मी विचारले.

मिस्त्रींनी हात पुसले. "सुधारायचं नंतर बगू सर. आदी हुतं ते तर परत आणू. कंपनीनं चार चाकाला ब्रेक दिल्याला. तुम्ही दोनावर पन्हाळा उतरलाय."

मी हे अण्णांना सांगितले. ते उठले, कपाटातून लाल बांधणीची एक वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. गाडीचा हिशेब 1982 पासून. पेट्रोल, टायर, हवा, लिंबू-मिरची. बोटाने दाखवत ते एका पानावर थांबले. जून 2003. वरच्या ओळीत लिहिले होते, 'चिरंजीव, एम. ए. भाग 2, शिवाजी विद्यापीठ, फी व खाणावळ, रु. 4,200.' खालच्या ओळीत, 'ब्रेक ऑईल, लायनर, नळे : पुढच्या महिन्यात.' जुलैच्या पानावर पुन्हा तेच, 'पुढच्या महिन्यात.' ऑगस्टलाही तेच. दिवाळीपर्यंत तेच. त्यानंतर ती ओळच नाही. पुढे अण्णा निवृत्त झाले, गाडी दसऱ्या-दिवाळीला हार घालून पेठेपर्यंत जाऊन येण्यापुरती उरली, आणि तो महिना काही आला नाही.

"तुझ्या स्वाधीन केली तेव्हा सांगायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "विसरलो. मी उतारावर ब्रेक वापरायचोच नाही रे. दुसऱ्यात टाकायचो. ब्रेक जपून वापरायचा म्हणून."

मी त्या पानाकडे पाहत राहिलो. मी एम. ए. झालो ते कोणाच्या त्यागावर, असे कोणी विचारले असते तर मी आईवडिलांचे नाव घेतले असते, गुरुजनांचे घेतले असते. हेरल्डच्या चार ब्रेकड्रमांचे नाव मला सुचले नसते.

काम आठवडाभर चालले. आठ ब्रेकशूंना नवी लायनिंग मारून घेतली, ॲस्बेस्टॉस नसलेली. चारी ड्रमांना लेथवर बारीक कट मारला, म्हणजे आतल्या चऱ्या गेल्या. ड्रम फार पातळ होत नाहीत ना, हे मिस्त्रींनी आधी मापून घेतले. सिलिंडरांची रबरे सगळीकडची बदलली, जाम झालेला सिलिंडर नवा घातला. नळे नवे. हँडब्रेकची तार ताणून घेतली. कारण या जुन्या गाडीत चारी चाकांना मिळून तेलाची एकच वाट आहे, कुठेही गळती झाली की चारी ब्रेक जातात, आणि मग वेगळ्या तारेवरचा तो हँडब्रेकच काय तो सोबती. ऑईल डॉट-4 जातीचे. ते नवे असताना 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी प्यायले की हीच मर्यादा 155 वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. या सगळ्या यादीत हेच सर्वांत स्वस्त, पाचशे रुपयांच्या आत, आणि पन्हाळ्यावर आम्हांला दगा दिला तो याच्या जुनेपणाने!

नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. पेडलवर आमची मुलगी बसली. आईने तिला गाडीत बसायची बंदी केली होती, पण गाडीला चाके नसल्यामुळे ती बंदी लागू नाही, असा तिने अर्थ लावला. सगळ्यांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. "दाब... धर... सोड." काळे तेल, मग बुडबुडे, मग मधासारखी धार. चार चाके, दोन तास.

मधल्या चहाच्या वेळी मी तिला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. 1888 सालच्या ऑगस्टमध्ये ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर. मोटारीतून इतक्या लांब तोवर कोणी गेले नव्हते. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका गावात चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला लायनिंग लागले ते असे, एका आईच्या डोक्यातून आणि एका चांभाराच्या हातून.

मिस्त्री चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "म्हंजी आमचा धंदा बाईनं काडला म्हणा की!"

घरी ही गोष्ट सौ.ला सांगितली. तिला ब्रेकमध्ये फारसा रस दिसला नाही. "नवऱ्याला न सांगता?" एवढेच तिने दोनदा विचारले.

शेवटी टायर राहिले. नक्षी चांगली शाबूत होती, म्हणून मी ते वाचवू पाहत होतो. मिस्त्रींनी टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले, 1211. म्हणजे 2011 सालचा बारावा आठवडा. रबर लाकडासारखे कडक झाले होते. "ब्रेक चाक थांबवतोय सर. गाडी थांबवतोय टायर." टायरांचा खर्च नऊ हजारांत धरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो या दिवाळी अंकाच्या मानधनातून फिटेल, अशी आशा आहे.

नवी लायनिंग लगेच दामटायची नसतात. शे-दोनशे किलोमीटर हलक्या पायाने बसू द्यायची असतात. ती बसल्यावर एका पहाटे, रस्ता निर्मनुष्य पाहून, खडूची रेघ ओढून आम्ही परीक्षा घेतली. गाडी खोलण्याआधीही याच ठिकाणी मोजले होते. ताशी 40 च्या वेगावरून तेव्हा माझी चोवीस पावले लागली होती, आणि गाडी डावीकडे झुकली होती. आता चौदा, आणि सरळ रेषेत. मी तीनदा मोजली. निकालपत्रकात एखाद्या विद्यार्थ्याचे गुण अनपेक्षित चांगले दिसले, की आपण पुन्हा बेरीज करतो ना, तसे.

सौ. कट्ट्यावर उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने मुलीची ओढणी आणून दिली. "वाऱ्यात केस उडतात," म्हणाली. परवानगी मिळाली, हे आम्हांला कळले.

पेठ–सांगली रस्ता हंगामात कसा असतो, हे आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. उसाने लादलेल्या बैलगाड्या, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळांच्या मागे दिवा तर राहोच, लाल पट्टीही नाही. मुलगी चालवत होती. शेजारी अण्णा, मागे मी. एका ट्रॉलीने आमच्यापुढे एकाएकी वळण घेतले. मी मागच्या बाकावर बसून उजवा पाय फरशीवर असा दाबला, की पोटरीत गोळा आला. पुढे पाहिले तर अण्णांचाही उजवा पाय फरशीत रुतलेला. ब्रेक फक्त तिच्या पायाखाली होता, आणि तो तिने वेळेवर दाबला. गाडी थांबली. उसाची एक कांडी बॉनेटवर येऊन पडली.

"दुसऱ्यात टाक आणि हळू सोड," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी लाल वही मागवली. जून 2003 चे ते पान काढले, 'पुढच्या महिन्यात' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि पुढे थरथरत्या अक्षरात लिहिले, 'बदलले. जानेवारी 2025.' मग पेन नातीकडे दिले. तिने खाली पुढची तारीख घातली, जानेवारी 2027, आणि त्यापुढे कंसात लिहिले, 'याच महिन्यात.'